सायलेन्सरचे सांधे

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फौंड्र्यांचा आणि लेथचा आवाज दिवसभर चालू असतो. त्याच भागात सायलेन्सरची कामं करणारी दुकानं आहेत. पावसाळा सरला की त्यांच्या दारात गाड्या लागतात, आणि त्यांत कोकणातून घाट चढून आलेल्या बऱ्याच असतात. खारी हवा, चार महिन्यांचा चिखल आणि मासळीच्या गाडीतून गळणारं बर्फाचं खारट पाणी यांनी खालचा पाइप पोखरून काढलेला असतो. अशाच एका दुकानात मेस्त्रींचं काम मी खड्ड्यात उतरून जवळून पाहिलं. वरवर बघता नवा सायलेन्सर बसवणं हे चार बोल्टांचं काम. पण पाना हातात घ्यायच्या आधी मेस्त्री बराच वेळ नुसती बॅटरी मारून पाइप बघत होते. काय बघताय विचारलं तेव्हा म्हणाले, ‘‘कुठला सांधा हलाय पायजे आणि कुठला हलून चालत न्हाई, एवढं बघायचं. ते ठरलं की आवळायला काय लागतंय?’’

पाइप हलतो तो दोन कारणांनी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. क्लच सोडला, पाय दाबला की ते डुलतं. छोट्या मोटारींत इंजिन आडवं बसवलेलं असतं, त्यामुळे त्याचं डुलणं पुढे-मागे होतं आणि पाइपाला सरळ ओढ बसते. दुसरं कारण उष्णतेचं. पेट्रोल इंजिनावर जोराचं ओझं आलं की मॅनिफोल्डपाशी, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर पडतो तिथे, तो 800 अंश सेल्सिअसच्याही वर जातो. शेपटाकडे येईतो तो शे-दोनशेवर उतरतो. सगळा पाइप सरासरी 300 अंशांनी तापला असं धरलं, तर तीन मीटर लांबीचं साधं पोलाद जवळपास 11 मिलिमीटर वाढतं. 304 जातीचं स्टेनलेस असेल तर 15-16. गाडी थंड झाली की पाइप तेवढाच आखडतो, आणि हे रोज चालतं. ही वाढ कुठेतरी जिरायला हवी. वाट ठेवलेली नसेल तर वेल्डिंगच्या कडेला चीर पडते, नाहीतर मॅनिफोल्डचा स्टड तुटतो.

ही वाट ठेवण्याचा मला सर्वांत पटलेला उपाय म्हणजे स्प्रिंगबोल्टचा जॉइंट. दोन फ्लँजच्या मध्ये एक जाड रिंग असते, बारीक तारेची जाळी आणि ग्राफाइट दाबून केलेली. तिची एक बाजू गोलाईची, आणि समोरच्या फ्लँजलाही आतून तसाच उतार. त्या गोलाईवर पाइप थोडा इकडेतिकडे फिरू शकतो, तरी धूर बाहेर येत नाही. बोल्ट पूर्ण आवळला तरी दोन्ही फ्लँज एकमेकींना टेकत नाहीत. मध्ये फट राहते, आणि ती राहायलाच हवी. या बोल्टाला आट्यांच्या वर एक खांदा असतो. तो टेकला की पाना थांबतो, पुढचा दाब स्प्रिंगनं द्यायचा. नवशिक्याला ती फट पाहवत नाही. त्यात स्प्रिंग गंजून मोडलेली असली, की तो दोन साधे बोल्ट घालतो आणि फट मिटेपर्यंत ओढत राहतो. मेस्त्रींनी एका मोटारीतून काढलेले असे बोल्ट मला दाखवले. बोल्ट धडधाकट होते. रिंग मात्र चेपून तिच्या कडेचे तुकडे पडले होते, आणि इंजिनाकडच्या पाइपाला वेल्डिंगलगत केसाएवढी चीर गेली होती. जिथे हालचाल व्हायला हवी तिथे ती अडवली, म्हणून ती पुढच्या नाजूक जागी जाऊन फुटली.

काही गाड्यांत हेच काम फ्लेक्स करतो. बाहेर स्टेनलेसची विणलेली जाळी आणि आत घड्या घातलेली पातळ नळी. बसवताना तो ताणलेला किंवा पिळलेला असता कामा नये, नाहीतर लवकर फाटतो. फाटल्यावर फक्त तेवढा तुकडा कापून नवा घालता येतो. पण पैसे वाचवायला तिथे सरळ पाइपाचा तुकडा जोडून देणारे सर्रास भेटतात. हे काम मला सरळ चुकीचं वाटतं. आवाज त्या दिवशी थांबतो खरा, पण इंजिनाचा प्रत्येक हिसका तिथून पुढे थेट मॅनिफोल्डवर आणि मागच्या रबरांवर जातो.

त्या दिवशीचं मोठं काम होतं मालवणहून मासळी आणणाऱ्या एका डिझेल पिकअपचं. मधला पाइप आणि सायलेन्सर हे एकात एक घालून यू क्लॅम्पनं धरलेले होते. यू क्लॅम्प म्हणजे वाकवलेला गज, त्याच्या दोन पायांना आटे, एक बैठक आणि दोन नट. स्वस्त, कुठल्याही दुकानात मिळणारा. तो आवळला की बाहेरचा पाइप चेपून आतल्यात रुततो, आणि त्या रुतण्यावरच त्याची सगळी पकड असते. म्हणून तो निसटत नाही, आणि म्हणूनच तो सांधा पुन्हा सुटत नाही. मेस्त्रींनी दोन्ही नट काढले, क्लॅम्प गळून पडला, तरी पाइप हलेना. खाच दोघांतही सारखीच बसली होती. शेवटी ग्राइंडरनं बाहेरच्या पाइपाला लांबीतून चीर घेतली, छिन्नी घालून ओठ उघडले, तेव्हा कुठे गंजाचा लाल भुगा सांडत सायलेन्सर सुटला. आतल्या पाइपाचं चेपलेलं तोंड कापून टाकावं लागलं.

नवीन जोडताना मेस्त्रींनी यू क्लॅम्प न घेता रुंद पट्टीचा क्लॅम्प काढला. हा पाइपाला सगळीकडून सारखा आवळतो, खाच पाडत नाही, आणि दोन वर्षांनी सायलेन्सर बदलायचा झाला तर बोल्ट सैल करून पाइप फिरवला की सुटतो. महाग पडतो, पण ज्या गाडीचा सायलेन्सर खाऱ्या पाण्यानं पुन्हा सडणारच आहे, तिथे उघडता येणारा सांधा हाच शहाणपणाचा. त्यासाठी बाहेरच्या पाइपाच्या तोंडाला दोन चिरा घ्याव्या लागतात, म्हणजे पट्टी आवळल्यावर तोंड मिटायला जागा मिळते. आतला पाइप दीड-दोन इंच आत जायला हवा. आणि इंजिनाकडून येणारा पाइप नेहमी आत, मागचा बाहेर, म्हणजे धुराला सांध्याच्या कडेवर आपटून बाहेर पडायला तोंड सापडत नाही. कॅलिपर लावून दोन्ही व्यास बघितल्याशिवाय मेस्त्रींनी पट्टीला हात लावला नाही. आतला पाइप बाहेरच्यात खुळखुळत असेल, तर कुठलाच क्लॅम्प तो सांधा वाचवू शकत नाही. पाण्याच्या नळीला लावतात ती जुबली क्लिप इथे वापरू नयेच. तिची पातळ पट्टी तापून ढिली पडते.

त्याच पिकअपला टर्बोजवळ व्ही-बँड होता. दोन पाइपांच्या उतरत्या कडा समोरासमोर येतात, त्यांवर आतून व्ही आकाराची खाच असलेला पट्टा बसतो आणि एकच बोल्ट आवळला की तो उतार दोन्ही पाइप एकमेकांवर ओढून धरतो. आवळता आवळता पट्ट्यावर हातोडीनं सगळीकडून हलके ठोके देत जायचं, म्हणजे तो सारखा बसतो. या जातीच्या पट्ट्याचा इतिहास गमतीचा आहे. अमेरिकेतल्या विनोदी चित्रपटांत काम करणाऱ्या मार्क्स ब्रदर्स या भावांपैकी धाकटा झेप्पो मार्क्स नट म्हणून निवृत्त होऊन कारखानदार झाला. त्याच्या मारमन कंपनीचे असे पट्टे दुसऱ्या महायुद्धात विमानांना लागले. रॉकेटच्या माथ्यावर उपग्रह धरून ठेवणारा आणि वेळ येताच सोडणारा पट्टाही याच तत्त्वावरचा. घट्ट धरणं आणि हवं तेव्हा झटकन सोडणं, दोन्ही एका बोल्टात. धुराच्या पाइपासाठी याहून चांगला सांधा मी पाहिलेला नाही. फक्त कडेला पोचा आलेला चालत नाही, म्हणून खाली उतरवलेला पाइप मेस्त्री गोणपाटावर ठेवत होते.

नट-बोल्टांतही निवड असते. मॅनिफोल्डपाशी लोखंडी नट लोखंडी स्टडवर गंजून एकजीव होतो. सोडवायला गेलं की नट सुटायच्या ऐवजी स्टडच मोडतो, आणि मग मोडका स्टड ड्रिल करून काढायचं किचकट काम येतं. तिथे पितळी नट घालतात. तो गंजून चिकटत नाही, पुढच्या वेळी सहज उतरतो. आतून नायलॉनची कडी असलेले लॉकनट इतरत्र चांगले, पण ते नायलॉन 120 अंशांच्या पुढे टिकत नाही. स्प्रिंग वायसरचा ताणही त्या उष्णतेत मरतो. म्हणून इथे पूर्ण धातूचाच लॉकनट लागतो. आट्यांना तांब्याची किंवा निकेलची पेस्ट लावून ठेवली, तर पुढचा मेस्त्री दुवा देतो.

वेल्डिंगला मेस्त्रींचा विरोध नव्हता. जो सांधा कधी उघडायचा नाही आणि हलायचाही नाही, तो वेल्डिंगचाच असावा, तिथे बोल्ट म्हणजे उगाच एक गळतीची जागा. पण कशाला काय जोडतोय हे बघायला हवं. कंपनीचा पाइप बऱ्याचदा 409 जातीच्या, साधारण 11 टक्के क्रोमियमच्या स्टेनलेसचा असतो. लोहचुंबक त्याला चिकटतं, म्हणून लोक त्याला साधं लोखंड समजतात. त्याला साध्या रॉडनं टाके मारले की गंज तिथूनच सुरू होतो. स्टेनलेसला साधा पाइप जोडायचा तर 309 जातीची तार वापरायची. पाण्याचा जीआय पाइप तर जोडूच नये, त्याच्या जस्ताचा पांढरा धूर वेल्डरला तापानं आजारी पाडतो. आणि गाडीवर वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीची केबल काढायची, नाहीतर इंजिनाच्या कॉम्प्युटरला धोका.

शेवटी सगळं सैल टांगायचं. रबरं अडकवायची, पाइप चेसिसला, हँडब्रेकच्या केबलला, स्टेपनीला घासत नाही हे बघायचं आणि इंजिनाकडून मागे येत एकेक सांधा आवळायचा. इंधनाच्या नळीपासून 35 मिलिमीटरच्या आत धुराचा पाइप नको, हे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितलेलं आहे. मग गाडी तापू द्यायची, थंड झाली की पुन्हा एकदा पाना फिरवायचा. गळती शोधायला मेस्त्रींनी शेपटाला ओलं फडकं धरलं आणि कान लावला. जुन्या पाइपावर तर कानाचीही गरज नव्हती. जिथून धूर निसटत होता तिथे काजळीचा काळा पट्टा स्पष्ट उमटला होता.

पेट्रोल गाडीत ऑक्सिजन सेन्सरच्या आधी अशी फट असेल, तर नुकसान नुसत्या आवाजाचं नसतं. धुराच्या दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपात क्षणभर दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो, आणि ॲव्हरेज का पडलं म्हणून मालक प्लग बदलत बसतो. 1 एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 गाड्यांत तर धूर शुद्ध करणारी सगळी यंत्रणा याच पाइपात असते, तेव्हा तिथले सांधे हा आता इंजिनाच्याच कामाचा भाग झाला आहे.

सायलेन्सरच्या तळाला कधी कधी एक बारीक भोक असतं. ते कंपनीनंच ठेवलेलं असतं. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. गावातल्या गावात थोडंसं फिरणाऱ्या गाडीत ते वाफ होऊन जात नाही, आत साचतं आणि पत्रा आतून खातं. ते भोक गळती समजून बुजवू नका. आणि खालून फटफट आवाज येऊ लागला, तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि काचा बंद करून उभ्या गाडीत एसी लावून झोपणाऱ्याला तो जागं होऊ देत नाही. त्याच आठवड्यात गाडी खड्ड्यावर घ्या, मेस्त्रींबरोबर स्वतः खाली वाकून बघा, आणि ‘‘वेल्डिंग मारून टाका’’ असं स्वतःहून सांगू नका. जो सांधा खराब झाला असेल, त्याच जातीचा नवा घालायला सांगा.