वाडा कमावता करण्यापूर्वीं

नांदेड-लातूरकडील जुना वाडा सांभाळणें म्हणजे दारीं हत्ती बांधण्यासारखेंच आहे. घरचीं माणसें नोकरी-धंद्यापायीं पांगलेलीं, आणि दुरुस्ती मात्र दरवर्षीं दारांत उभी! अशा वाड्यानें स्वतःचें पोट स्वतः भरावें, त्यांत भोजनगृह, पेढी किंवा कापडाचें दुकान चालावें, हा विचार सुज्ञपणाचाच आहे. पुण्याजवळ जाधववाडीस पिलाजी जाधवराव यांनीं १७१० सालीं बांधलेली गढी आतां हॉटेल झाली आहे. मराठवाड्यांत मात्र या विचारास एक अट आहे. ती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटेनें घातली.

किल्लारीच्या त्या भूकंपांत सुमारें ८,००० माणसें दगावलीं. बहुतेकांचा घात त्यांच्याच घरांनीं केला. तेथील जाड दगडी भिंत बाहेरून अभेद्य दिसे; वस्तुतः त्या पाठीस पाठ लावलेल्या दोन भिंती, आणि मध्यें दगडगोटे व माती. धक्का बसतांच त्या फांकल्या. माथ्यावर माळवदाची माती होती. ती उन्हाळ्यांत गारवा देई खरी, पण थरावर थर चढून कोठें कोठें अर्ध्या मीटराहून अधिक जाड झालेली. उलट, कित्येक ठिकाणीं भिंती ढांसळूनही खांब-तुळयांचा लांकडी सांगाडा उभाच राहिला.

म्हणून वाड्याचें नूतनीकरण रंगापासून नव्हे, छतापासून सुरू करावें. माळवदाची माती उतरवून ती २० सेंटिमीटरांपर्यंत आणावी. मग गवंड्यानें भिंतींतील निवडक दगड अलगद काढून आरपार भोंकें पाडावींत व त्यांत सळईसह काँक्रीट भरावें. असे बंध उंचींत दर ६० सेंटिमीटरांस आणि लांबींत १२० सेंटिमीटरांच्या आंत असावेत. म्हणजे दोन भिंतींची एक होते. सुतारानें वाळवी लागलेलें लांकूड बदलून खांब-तुळयांच्या सांध्यांस तिरपे आधार द्यावेत. गिलावा चुन्याचा करावा. सिमेंटानें भिंतींतील ओल आंतच कोंडते.

दुकानाची मांडणी यानंतरची. दर्शनी भाग ऐसपैस व्हावा म्हणून खांब काढणें, किंवा माळवदावर पाण्याची टाकी चढविणें, म्हणजे झालेलें काम मातींत घालणें होय. चौकही झांकूं नये. साऱ्या वाड्यास उजेड आणि वारा तेथूनच मिळतो.

गिऱ्हाइकास दरवाजावरील नक्षी दिसेल, भिंतींतील बंध दिसणार नाहींत. भाड्याचा हिशेब मांडतांना मालकानें हा न दिसणारा खर्चच पहिल्या ओळींत लिहावा.