पंप आपला, पेटी कंपनीची

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात मी मोटरी भरतो. पाणबुडी, मोनोब्लॉक, पिठाच्या गिरणीची, जी येईल ती. व्होल्टेज पडलं, एखादा फेज गेला किंवा विहिरीचं पाणी तुटूनही मोटर चालत राहिली की वायंडिंग जळतं आणि शेतकरी मोटर टेम्पोत घालून दुकानी आणतो. हंगामात संध्याकाळी आलेली मोटर दुसऱ्या दिवशी परत विहिरीत गेलेली असते. जावंच लागतं. उन्हाळ्यात पाणी थांबलं तर मोसंबी वाट बघत नाही, फळ गाळून मोकळी होते.

दुकानात एक तेलकट वही आहे. मोटर कोणत्या कंपनीची, किती हॉर्सपॉवरची, स्लॉट किती, एका कॉइलला वेढे किती, तार कोणत्या गेजची, हे सगळं तिच्यात आहे. नव्या बनावटीची मोटर आली की जळकी कॉइल कापताना वेढे मोजायचे आणि टिपून ठेवायचे. हा तपशील कोणत्या कंपनीनं आम्हाला पाठवला नाही, पण कोणी लपवलाही नाही. मोटर उघडली की तो समोर असतो. भोकरदन, परतूर, मंठा, कुठंही जा, मोटर भरणाऱ्याकडे अशी वही सापडेल. गावोगावच्या विहिरी या वह्यांच्या जोरावर चालत आल्या.

आता शिवारात सौरपंप आलेत. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ ची. राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ मध्ये आली. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्यानं १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के रक्कम भरायची, बाकी अनुदान. अडीच एकरांपर्यंत ३ हॉर्सपॉवर, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. सोबत पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा. डिसेंबर २०२५ मध्ये महावितरणनं एका महिन्यात ४५ हजारांहून जास्त सौरपंप बसवल्याचा गिनीज विक्रम छत्रपती संभाजीनगरात जाहीर झाला, म्हणजे आमच्या शेजारीच.

मी सौरपंपाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. धंदा बुडतो म्हणून रडतोय, असं कोणी म्हणायला नको. रात्रीच्या लायटीला दारं धरायला गेलेल्या माणसाला दिवसाच्या पाण्याचं मोल विचारा. विंचू-काट्याची भीती नाही, डीपी जळाली म्हणून आठवडाभर बसून राहणं नाही, बिल नाही. माझं भांडण आहे ते पॅनलखालच्या खांबावर टांगलेल्या पेटीशी.

ती पेटी म्हणजे कंट्रोलर. ऊन कमीजास्त होतं तशी पॅनलची वीज कमीजास्त होते. त्या विजेतून दर क्षणी जास्तीत जास्त ताकद काढून मोटरला झेपेल अशा वेगानं ती फिरवायची, हे काम पेटीतला बोर्ड करतो. पाणी तुटलं की तो मोटर थांबवतो. हे मोठंच काम, नाहीतर माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मोटरी कोरड्या चालूनच जळलेल्या असतात. त्याच पेटीला सिमकार्डाचं एक यंत्र जोडलेलं असतं. पंप किती तास चालला, वीज किती झाली, बिघाड कोणता आला, हे ते कंपनीला आणि योजना चालवणाऱ्यांना कळवतं. म्हणजे वावरातल्या पंपाची खबर दूरच्या पडद्यावर दिसते, आणि धुऱ्यावर उभ्या असलेल्या मालकाला एक लाल दिवा नाहीतर आकड्यातली खूण. तिचा अर्थ विचारायला फोन करायचा. सेटिंगला पासवर्ड असतो, तो मालकाजवळ नसतो.

घनसावंगीकडच्या एका शेतकऱ्यानं मागे अशीच पेटी आणली. पंप आधीच्या एका योजनेतला, हमीची पाच वर्षं सरलेली. बसवणारी एजन्सी उठून गेलेली, कंपनीचा माणूस ‘बोर्ड मिळत नाही, पूर्ण पेटी घ्या’ म्हणत होता. आम्ही पेटी उघडली. बोर्डावर कडक राळ ओतलेली आणि मुख्य चिपवरचा नंबर खरवडून काढलेला. राळ पाण्या-धुळीपासून बचावाला ओततात, ते समजतं. नंबर खरवडला की मात्र दुसऱ्याला दुरुस्ती अवघड होते. नशिबानं त्याची मोटर साधी एसी होती. बाजारात मिळणारा सोलर ड्राइव्ह आणला, मोटरच्या पाटीवरचे आकडे त्यात भरले आणि पंप चालू झाला. सिमचं यंत्र अर्थातच तुटलं. कोणाच्या पडद्यावर तो पंप आज बंद दिसत असेल. वावरात पाणी चालू आहे.

मोटर डीसी असती तर मी हात टेकले असते. त्या मोटरीत चुंबकाचा रोटर असतो. तिला कोणत्या क्षणी कोणत्या कॉइलमध्ये वीज सोडायची ते तिच्याच जोडीची पेटी जाणते. मोटर मी भरून देईन, फिरवणार कोण? म्हणून सौरपंप मंजूर झालेल्यानं कंपनी निवडण्याआधी मोटर एसी की डीसी हे विचारून घ्यावं.

मोबाईल स्टार्टरचंही थोडं असंच झालं. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ काढून साध्या मोबाईलवरून पंप चालू-बंद करायची सोय शेतकऱ्याला दाखवली. स्टार्टरमध्ये सिम घालायचं, फोन लावायचा, मोटर चालू. मध्ये फक्त मोबाईलचं नेटवर्क. आता काही स्टार्टर ॲपवर चालतात. हुकूम आधी कंपनीच्या सर्व्हरला जातो, तिथून विहिरीवर येतो. आमच्या गिऱ्हाइकातल्या एकाचं ॲप कंपनीनं सांभाळायचं सोडून दिलं. स्टार्टर धडधाकट, तरी त्याला पुन्हा पहाटे विहिरीवर जावं लागतं.

वस्तू आपली पण चावी कंपनीकडे, हे प्रकरण जालन्याला अगदी नवं नाही. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथंच महिको सुरू केली आणि संकरित बियाण्यांसाठी जालना देशभर ओळखलं जाऊ लागलं. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाण्यानं उतारा वाढवला हे खरं. घरचं बी राखायची रीत मोडली हेही खरं, कारण संकरिताचं बी पुढच्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायचा, पेरायचा, दुसऱ्याला द्यायचा आणि ब्रँड न लावता विकायचाही हक्क दिला. हक्क चांगलाच आहे. पण दुकानातली पिशवी संकरिताची असेल तर त्याचा उपयोग किती, हे कपाशीवाल्याला विचारा. पंपाच्या बाबतीत तर अजून कागदावरचा हक्कसुद्धा पुरता आलेला नाही.

हालचाल नाही असं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पहिल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं घेतली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू झालं. पुढे २०२४ मध्ये वस्तू दुरुस्तीला किती सोपी याचे गुण ठरवायला दुसरी समिती बसली, ती मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी. शेतकऱ्याची पेटी पुन्हा मागच्या बाकावर. मोटारगाड्यांचा निकाल त्याआधीचा आहे. सुटे भाग बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. पुढे अपिलं झाली. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यानं २०२३ मध्ये कायदा केला, की शेतीयंत्राच्या कंपनीनं दुरुस्तीची पुस्तकं, सुटे भाग आणि सॉफ्टवेअरची साधनं मालकाला आणि बाहेरच्या मेकॅनिकला द्यायची. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगानं ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअरवर, दुरुस्ती बाहेर होऊ देत नाही म्हणून, खटला भरला.

आपल्याकडे तर नव्या कायद्याचीही वाट बघायला नको. पंपाचा बहुतेक पैसा सरकारचा आहे, खरेदीच्या अटी सरकार लिहितं. पुढच्या निविदेत एवढंच घाला: हमी संपली की पासवर्ड मालकाच्या हवाली, बिघाडाच्या खुणांची मराठी यादी पेटीच्या दारावर, आणि बोर्ड सुटा विकत मिळायची सोय तालुक्याच्या गावात. आयटीआयमध्ये वायरमन आणि इलेक्ट्रिशियन शिकवतात, त्यांना ही पेटीही शिकवा.

तोवर आपल्या हातात आहे ते करा. मोटर, पॅनल आणि पेटी यांच्या पाट्यांचे फोटो काढून ठेवा, ऊन-पावसात अक्षरं उडतात. पंप बसवल्याच्या तारखेचा कागद शोधा. पाचवं वर्ष चालू असेल तर बारीकसारीक बिघाडही अंगावर काढू नका, मुदतीच्या आत तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर लिहून ठेवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पाच वर्षं उलटल्यावरचा खर्च सगळा तुमच्या खिशातला.