डॅम्पिंग शीट उन्हात किती टिकते?

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीचं छत सहज ७० अंशांच्या पुढे तापतं. आवाज दाबण्यासाठी आतून चिकटवलेल्या डॅम्पिंग शीटचा खरा कस तिथे लागतो. तिच्याबद्दल दुकानात मिळणारी माहिती मात्र बऱ्याचदा अर्धवट असते.

गैरसमज : डांबरी शीट उन्हात वितळतेच.
सरसकट नाही. रस्त्याला वापरतात ते व्हीजी-३० डांबर ४७ अंशांपासून मऊ पडू शकतं; पण हवा फुंकून कडक केलेलं ८५/२५ जातीचं डांबर ८५ अंशांच्या आसपास. कारखान्यात गाडीच्या फ्लोअरवर पुष्कळदा डांबरी शीटच घालतात. रंगाच्या भट्टीत ती मऊ होऊन पत्र्याच्या खाचाखोचांत घट्ट बसते. पण फ्लोअर आडवा असतो, तिथून ती पडणार कुठे? छताला मात्र ती उलटी लटकते. स्वस्त शीट किंवा 'तेच तर आहे' म्हणून मारलेली गच्चीची वॉटरप्रूफिंग पट्टी तिथे सुटते, दुपारभर गाडीत डांबराचा वास कोंडतो आणि अस्तरावर काळे डाग उमटतात. दारात घसरली तर काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेतच अडकते. छताला आणि दारांना ब्युटाइल रबरच घ्यावं. महाग पडतं, पण उन्हात बसकण मारत नाही.

गैरसमज : पाकिटावर १५० अंश लिहिलंय, म्हणजे चिंता नाही.
तो आकडा बहुधा शीट किती तापमान सोसेल एवढंच सांगतो. ती पत्र्याला धरून राहील का, हे चिकटवणाऱ्यावर ठरतं. तेलकटपणा, धूळ नीट पुसली नाही आणि फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर फिरवला नाही, तर उत्तम ब्युटाइलचेही कोपरे उचलतात. शिवाय शीट जागेवर राहिली तरी फार तापल्यावर तिची कंपनं शोषण्याची ताकद घटते.

गैरसमज : चकचकीत फॉइलमुळे गाडी थंड राहते.
फॉइलचं मुख्य काम वेगळं आहे. पत्रा थरथरला की तो आणि फॉइल यांच्यामध्ये रबर ताणलं जातं आणि कंपनांची ऊर्जा त्यातच जिरते. पत्र्याची उष्णता या पातळ थरातून आरपार जाते. उकाडा कमी करायचा असेल तर वरून बंद पेशींच्या फोमचा वेगळा थर लावावा लागतो.

गैरसमज : उष्णता सोसते, म्हणजे आगही सोसेल.
डांबर काय, ब्युटाइल काय, दोन्ही जळतात. गाडीच्या आतल्या साहित्यासाठीचं अमेरिकेचं एफएमव्हीएसएस ३०२ हे मानकसुद्धा 'जळू नये' म्हणत नाही. मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगानं जळू नये, एवढंच म्हणतं. त्यामुळे एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ डॅम्पिंग शीट लावू नये. तिथे फट सोडून बसवलेली धातूची हीट शील्डच लागते.