रडीचा डाव नको!

मुलांनो, कबड्डीत कधी कधी पुसटसा हात लागतो. पंचांना दिसत नाही, पण लागला त्याला बरोब्बर कळतं. अशा वेळी तुम्ही काय करता? गप्प राहता की हात वर करून बाहेर जाता?

फेब्रुवारी १९८०. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर भारत-इंग्लंड कसोटी चालू होती. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत गारद झाले होते. थोड्या वेळाने कपिल देवच्या चेंडूवर पंचांनी बॉब टेलरला झेलबाद दिलं. पण चेंडू बॅटला लागलाच नव्हता! आपले कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ स्लिपमध्येच उभे होते. त्यांनी पंचांशी बोलून टेलरला परत बोलावलं. मग काय, टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली. इंग्लंडने सामना १० गडी राखून जिंकला.

विश्वनाथ हरले खरे, पण तो सामना निघाला की आजही त्यांचंच नाव आदराने घेतलं जातं.

तेव्हा हरलात तर पंचांना, मैदानाला दोष देऊ नका. जिंकणाऱ्याशी हसून हात मिळवा. जिंकलात तर हरलेल्याला चिडवू नका. उद्या तोच तुमच्या संघात असेल!

आणि आई-बाबांनो, मूल खेळून घरी आलं की ‘जिंकलात का?’ हा प्रश्न जरा मागे ठेवा. ‘समोरच्यांपैकी कोण छान खेळलं?’ असं आधी विचारून तर पाहा!