परक्या पेठेतील मूस

सांगली जिल्ह्यातील विटे, खानापूर, आटपाडी हा टापू पर्जन्यछायेचा. ज्वारीचे एक पीक हाती लागले तरी वर्ष साजरे झाले असे मानणारा. या टापूतून पोटाकरिता बाहेर पडलेल्या शेतकरी घरांतील तरुणांनी गेल्या शतकात मद्रास-कोचीपासून कलकत्ता-दिल्लीपर्यंतच्या सराफपेठांत सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा वसविला. ज्यांच्या घरी गुंजभर सोने नव्हते त्यांच्याच हाती परमुलखाने आपले सोने विश्वासाने वितळावयास दिले, ही हकीकत मला नेहमीच नवलाची वाटत आली आहे. अशा दुकानांपैकी एक मी २०२० च्या अखेरीस, टाळेबंदीचे निर्बंध बरेच सैलावल्यावर, कोइमतूरच्या सराफपेठेतील एका अरुंद बोळात बसून सावकाशपणे पाहिले. मालकांना पेठेतील सारे मराठी लोक तात्या म्हणतात. येथेही तेच नाव पुरे.

दुकान म्हणजे रस्त्याच्या बाजूला तराजू व गादी, आणि मागे अंधारे भट्टीघर. जुना दागिना आला की तो प्रथम तोलावयाचा, त्यातील खडे व लाख काढावयाची, मग मुशीत घालून वर चिमूटभर सवागी टाकावयाची आणि ज्वाला सोडावयाची. १,०६४ अंश सेल्सियसला सोन्याचा रस होतो, त्यावरचा मळ सवागी ओढून घेते, आणि साच्यात ओतलेल्या त्या रसाची लगड निवाली की तिचा टंच काढून भाव ठरतो. हे झाले नुसते गाळणे. चोख सोने वेगळे करावयाचे तर त्यात आधी चांदी मिसळावी लागते, हे मला तेथे जाईपर्यंत ठाऊक नव्हते. एकूण धातूत सोने चौथाई उरेल इतकी चांदी घालून तो रस पाण्यात सोडतात, त्याचे बारीक दाणे होतात, आणि ते दाणे शोऱ्याच्या तेजाबात उकळले की चांदी व तांबे विरघळून जातात. तांबूस-पिवळा धूर धुराड्याकडे धावतो, द्राव हिरवट निळा होतो, आणि तळाशी जो तपकिरी गाळ राहतो त्याकडे पाहून कोणाही भल्या माणसाने तो मोरीत ओतला असता. तात्यांचा भाचा मात्र तो गाळ गरम पाण्याने पुनःपुन्हा धुतो, प्रत्येक धुवणाचे पाणी निराळ्या पिंपात राखतो, आणि अखेरच्या आटणीत त्याचे पिवळे धमक सोने होते. द्रावात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की गेलेली चांदी परत खाली बसते. दुकानातली केरसुणी आणि हात पुसावयाची फडकीसुद्धा फेकली जात नाहीत. ती जाळून त्यांची राख ठेवतात. आपल्याकडील सराफकट्ट्यातल्या गटारांची माती धुणाऱ्या झारेकऱ्यांचेच हे शास्त्र.

या धंद्याचे आर्थिक गणित इतर व्यापारांच्या नेमके उलटे आहे. लोकांची भरभराट असते तेव्हा ते नवे दागिने घडवितात, आणि ओढगस्त आली म्हणजे जुने मोडतात. म्हणजे जगावर संकट आले की गलाईवाल्याची भट्टी वस्तुतः अधिक धगधगावयास हवी. परंतु या नियमाला एक अट आहे, ती अशी की पेठ उघडी असली पाहिजे. २०१६ च्या वसंतात अबकारी कराविरुद्ध सराफांनी सुमारे सहा आठवडे दुकाने बंद ठेवली, त्याच वर्षी नोव्हेंबरात पाचशे-हजाराच्या नोटा एका रात्रीत बाद झाल्या, आणि २०२० मध्ये तर २६ एप्रिलची अक्षय्य तृतीया कुलपाआड गेली. घराघरांत मोडावयाचे सोने होते आणि ते घेऊन बाहेर पडावयास परवानगी नव्हती. ऑगस्टात सोने तोळ्यामागे पंचावन्न हजारांच्या पुढे गेले तेव्हा पेठेत हळूहळू लोक येऊ लागले. पण तोवर दुकानाचे भाडे, खोलीचे भाडे आणि कारागिरांचा शिधा यांत तात्यांची रोकड आटून गेली होती. लगड घ्यावयाची तर पैसा रोख मोजावा लागतो. गिऱ्हाईक दारी आणि गल्ला रिकामा, असा तो विपरीत प्रसंग होता.

रोकड नव्हती, पण चांदी होती. गलाईवाल्याची चांदी म्हणजे विकावयाचा माल नव्हे. ती हत्यार आहे, तेजाबाच्या भांड्यातून फिरून फिरून परत येणारी. मार्चमध्ये किलोला चाळीस हजारांच्या आत असलेला तिचा भाव ऑगस्टात सत्तर हजारांच्या वर पोचला, तेव्हा ती विकून मोकळे होण्याचा मोह कोणाला झाला नसेल? “पाव्हणं, ही चांदी मोडली म्हंजी दुकानच मोडलं की,” एवढेच तात्या म्हणाले. त्यांनी तजवीज निराळी केली. एकाच गावच्या चार दुकानदारांनी आपापली चांदी एकत्र केली, तीन भट्ट्या विझविल्या, एक चालू ठेवली, आणि काम येईल तसे पाळीने वाटून घेतले. कागद झाला नाही, मुद्रांक नाही, जामीन नाही. कोणाची किती चांदी हे एका साध्या वहीत लिहिले आणि खाली चौघांनी सह्या केल्या. बँकेने ज्यांना तारणाशिवाय उभे केले नसते त्यांना येथे तारण एकच होते: बुडविणाऱ्याला गावच्या यात्रेत तोंड दाखविता आले नसते. या व्यवस्थेचे मी भाबडे कौतुक करणार नाही. ज्याचे गावात भावबंद नाहीत, किंवा ज्याच्या घराण्याचा मान कमी, त्याला अशा वहीत जागा मिळणे सोपे नसते.

या दुकानांतली धाकटी पोरे टाळेबंदीतच गावी परतली होती. ‘टेंभू’ उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यापासून तिकडे डाळिंब-द्राक्षांचे मळे झाले आहेत, आणि ज्या रानाने आज्याला हाकलून दिले त्याच रानात नातवंडे चार महिने राबून खाऊ शकली, ही गोष्ट तात्यांनी दोनतीनदा सांगितली. नोटाबंदीच्या वेळी ती सोय इतकी नव्हती.

मी बसलो असतानाच एक अनोळखी तरुण जाड साखळी घेऊन आला. त्या दिवशी सकाळपासून दुसरे गिऱ्हाईक नव्हते. तात्यांनी सफाईदार तमिळमध्ये पावती मागितली, आधार कार्ड मागितले, घरच्या वडील माणसाला घेऊन ये म्हणून सांगितले. तरुण घासाघीस न करता कमी भावालाही तयार झाला, आणि नेमक्या त्याच कारणाने साखळी तराजूला न लावताच परत दिली गेली. अडचणीच्या दिवसांत चोऱ्या वाढतात आणि चोरीचा माल प्रथम मुशीकडे धावतो. पुढे चोर पकडला गेला आणि त्याने दुकानाकडे बोट दाखविले, तर चोरीचा माल घेतल्याबद्दल तेव्हाच्या दंडविधानाचे ४११ वे कलम लागे. परमुलखात जामिनाला उभे राहावयास स्थानिक माणूस मिळत नाही. आणि वितळलेल्या सोन्याला ओळख नसल्यामुळे तपासाला आलेली मंडळी दुकानात सापडेल तो धातू जप्त करून नेतात, ही गलाईवाल्यांची जुनी तक्रार आहे. एरवी असा प्रसंग एकट्यावर येई. आता तात्यांच्या कपाटात चार घरांची चांदी होती.