समता : श्रद्धा आणि आचरण

सर्व माणसे एकाच ईश्वराची लेकरे आहेत, म्हणून कोणी उच्च नाही व कोणी नीच नाही, ही ख्रिस्ती धर्माची श्रद्धा होय. महात्मा जोतीराव फुले पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगर येथील अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार बाईंची मुलींची शाळा पाहून त्यांना प्रेरणा मिळाली आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. हे ऋण आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो.

परंतु श्रद्धा आचरणात उतरलीच, असे नाही. १९३८ साली सोलापूर येथे ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी आदर व्यक्त केला. त्याचबरोबर दक्षिणेतील चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो, हेही परखडपणे सांगितले.

हा इशारा आपल्यालाही लागू आहे. सर्व मनुष्यमात्र समान मानण्याची प्रतिज्ञा आपण १९५६ साली बावीस प्रतिज्ञांमध्ये घेतली. तरीही सोयरीक जुळवताना पोटजात विचारणारी घरे आपल्यात आहेत. साखरा येथील या निवासी शाळेत एका पंगतीत जेवून वाढलेल्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न आपल्या घरातून कायमचा हद्दपार करावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.