बर्फगार पाण्यातले पहिले मिनिट

११ मार्च १९८४ची रात्र. आइसलँडच्या दक्षिणेला असलेल्या वेस्टमन बेटांजवळ 'हेलिसेय' नावाची मासेमारी नौका जाळे ओढत होती. नौकेवर पाचजण होते. समुद्राच्या तळाशी जाळे कशात तरी अडकले. ते सोडवण्याची खटपट चालू असतानाच नौका कलली आणि बघता बघता उलटली. जीवरक्षक तराफा पाण्यात सोडायलाही कुणाला सवड मिळाली नाही. तिघेजण कसेबसे उलट्या नौकेच्या पाठीवर चढले. पाण्याचे तापमान होते अवघे ५ ते ६ अंश सेल्सियस.

काही वेळाने नौकाही बुडू लागली, तेव्हा तिघांनी किनाऱ्याकडे पोहत जायचे ठरवले. किनारा सुमारे पाच किलोमीटर दूर होता. थोड्याच वेळात एकजण दिसेनासा झाला, मग दुसरा. उरला तो बावीस वर्षांचा गुडलॉगुर फ्रिडथोरसन. वाटेत एक नौका जवळून गेली, पण त्याच्या हाका तिच्यावर कुणालाच ऐकू आल्या नाहीत. मन ताळ्यावर राहावे म्हणून तो डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या समुद्रपक्ष्यांशी बोलत राहिला. पाच ते सहा तासांनी तो किनाऱ्याला लागला, तर समोर चढता न येणारा कडा! पुन्हा पाण्यात उतरून त्याने दुसरी जागा शोधली आणि लाव्हाच्या धारदार खडकांवरून अनवाणी चालत गाव गाठले. तहान इतकी लागली होती, की वाटेत मेंढ्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या टबावरचा बर्फ फोडून तो पाणी प्यायला. इस्पितळात त्याचे तापमान साध्या तापमापकावर उमटेना. पारा ३४ अंशांपर्यंतही चढत नव्हता.

पुढे लंडनमध्ये प्राध्यापक विल्यम कीटिंग यांनी त्याच्यावर प्रयोग केले आणि १९८६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्याचा अहवाल छापून आला. निष्कर्ष साधा होता. धिप्पाड गुडलॉगुरच्या कातडीखाली चरबीचा असा जाड थर होता, की बर्फगार पाण्यातही त्याच्या शरीराच्या गाभ्यातली ऊब टिकून राहत होती. २०१२ साली त्याच्यावर 'द डीप' या नावाने चित्रपटही निघाला. पण त्या रात्रीचा हिशेब पाहिला तर पाचांपैकी चौघे गेले, आणि ते काही नवखे नव्हते. समुद्रावरच पोट भरणारी माणसे होती ती. हिवाळ्यात होडीतून मासे धरायला जाणाऱ्या कुणालाही उपयोग व्हावा असे जे काही आहे, ते गुडलॉगुरच्या पराक्रमापेक्षा त्या चौघांच्या मरणात अधिक आहे.

आधी श्वास, मग पोहणे

थंड पाण्यात पडलेला माणूस गारठून मरतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. गारठून मरायला वेळ लागतो आणि बहुतेकांना तेवढा वेळ मिळतच नाही. ब्रिटनच्या नौदलातील डॉक्टर फ्रँक गोल्डन आणि प्राध्यापक माइक टिप्टन यांनी या विषयात आयुष्याची अनेक वर्षे घालवली. थंड पाणी पहिला घाव घालते तो श्वासावर, हे त्यांच्या संशोधनाने ठसठशीतपणे पुढे आणले.

हिवाळ्यात पहाटे गार पाण्याचा पहिला तांब्या अंगावर ओतला, की तोंडातून आपोआप 'हा' निघतो आणि श्वास वर ओढला जातो. हीच गोष्ट सगळे अंग एकदम ५ किंवा १० अंशांच्या पाण्यात गेल्यावर कितीतरी पटीने घडते. त्वचा अचानक गार पडल्यामुळे एक मोठा श्वास आत खेचला जातो. तो रोखणे इच्छाशक्तीच्या हाती नसते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर श्वासाबरोबर पाणीच आत जाते. त्यानंतर मिनिट-दोन मिनिटे धाप लागते. एरवी मिनिटभर श्वास कोंडू शकणाऱ्या माणसाला दहा सेकंदही तो धरवत नाही. रक्तदाब आणि नाडी एकदम चढतात. ज्याचे हृदय आधीच नाजूक असेल, त्याच्यासाठी एवढेच पुरेसे ठरू शकते.

आणि यासाठी पाणी बर्फाइतके गार असावे लागते असेही नाही. १५ अंशांच्या पाण्यातही हा धक्का जोरात बसतो.

म्हणून अशा पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात हातपाय मारून पोहायला लागणे ही सर्वांत मोठी चूक. धाप लागलेली असताना पोहणारा पाणीच पितो. डोके मागे टाकून उताणे व्हावे, कान पाण्यात गेले तरी चालतील, हात हलकेच हलवावेत आणि श्वास ताळ्यावर येईपर्यंत नुसते तरंगावे. ब्रिटनमधील जीवरक्षक नौकांची जुनी संस्था आरएनएलआय गेली काही वर्षे लोकांना हेच शिकवते: आधी तरंगा. अंगात जाड कपडे असतील तर ते काढण्याच्या भानगडीत पडू नये. कपड्यांत अडकलेली हवा सुरुवातीला तरंगायला मदतच करते, आणि नंतर तेच कपडे अंगालगतच्या पाण्याची ऊब थोडीफार धरून ठेवतात.

लाइफ जॅकेटचे खरे काम याच मिनिटातले आहे. ते तोंड पाण्याच्या वर ठेवते. 'मला चांगले पोहता येते, मला कशाला जॅकेट?' असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे, की त्या पहिल्या मिनिटात पट्टीचा पोहणाराही पोहू शकत नाही. आणि जॅकेट होडीतल्या फळीखाली ठेवलेले असेल तर ते नसल्यात जमा. थंड पाण्यात पडल्यावर ते शोधून, अंगात घालून, बंद लावणे जवळजवळ अशक्य असते.

एक, दहा, एक

कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी स्वतःला कित्येकदा बर्फाच्या पाण्यात बुडवून घेऊन हा विषय अभ्यासला. त्यांनी बर्फगार पाण्यासाठी लोकांच्या ध्यानात राहील असा एक हिशेब मांडला आहे: एक मिनिट श्वास आवरण्याचे, दहा मिनिटे कामाच्या हालचालीची, आणि शुद्ध हरपण्यापूर्वीचा एक तास. आकडे अर्थातच ढोबळ आहेत. अंगकाठी, कपडे आणि पाण्याचे तापमान यांप्रमाणे ते मागेपुढे होतात.

यातली मधली दहा मिनिटे लोक सर्वाधिक वाया घालवतात. शरीर गाभ्यातली ऊब वाचवण्यासाठी हातापायांचे रक्त आवरते घेते. बोटे आधी बधिर, मग ताठ होतात. मासे धरणाऱ्याला याची चुणूक नेहमीच मिळते. गार सकाळी गळाला आमिष लावताना बोटे ऐकत नाहीत, ती हीच गोष्ट. पाण्यात ही अवस्था दहा मिनिटांत येते आणि मग दोर हातात असूनही मूठ वळत नाही. म्हणून शिटी वाजवणे, जॅकेटचे पट्टे आवळणे, दोर अंगाभोवती गुंडाळणे, होडीवर चढणे, ही बोटांची कामे आधी उरकून घ्यावीत. किनारा डोळ्यांना नेहमी जवळच वाटतो, पण गारठत चाललेले हातपाय तिथवर नेतील याचा भरवसा नाही. होडी तरंगत असेल, मग ती उलटी का असेना, तर तिला सोडू नये. तिच्यावर जितके वर चढता येईल तितके चढावे. बाहेर वारा कितीही झोंबरा लागला तरी पाण्यापेक्षा हवा बरी. तेवढ्याच थंड हवेपेक्षा पाणी शरीराची उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने वाहून नेते.

वर चढणे शक्यच नसेल तर जॅकेटच्या आधाराने गुडघे छातीशी घेऊन, दंड बरगड्यांना चिकटवून गप्प राहावे. काख, छातीच्या बाजू आणि जांघा इथून ऊब फार जाते. दोघे-तिघे असतील तर एकमेकांना बिलगावे आणि मूल असेल तर त्याला मध्ये घ्यावे.

होडी काठाला असतानाच

संकटात काय करावे यापेक्षा निघण्यापूर्वी काय केले यावर बरेच अवलंबून असते. छोट्या होडीतून माणूस पडतो तो बहुधा उभा राहिल्यावर: मोठा मासा लागला म्हणून, अडकलेला गळ सोडवायला वाकला म्हणून, आणि, सांगायला संकोच वाटला तरी सांगायलाच हवे, लघवीसाठी कडेला उभा राहिला म्हणून. शेवटच्या कामासाठी होडीत एक डबा ठेवावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. लहान होडीचा नांगर मागच्या बाजूने टाकू नये. यंत्र बसवलेली मागची बाजू आधीच जड असते. नांगराच्या ओढीने ती खाली जाते आणि लाटेचे पाणी आत येते. बाहेर बसवलेल्या यंत्राला ते बंद पाडणारी दोरी असते, ती चालवणाऱ्याने स्वतःला अडकवलीच पाहिजे. नाहीतर माणूस पाण्यात आणि होडी चालली पुढे, असा प्रसंग ओढवतो.

पाण्यातून होडीवर परत चढायचे कसे, याचा विचार फार थोडे लोक करतात. ओल्या कपड्यांचे ओझे घेऊन काठावर अंग उचलणे तरण्याबांड माणसालाही जमत नाही. होडीच्या बाजूला पाय ठेवण्यापुरता दोराचा एक फास बांधून ठेवला तरी काम भागते. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून खिशात ठेवावा, होडीत नव्हे. कुठे जातो आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगून निघावे. वेळ टळली की घरच्यांनी वाट पाहत बसू नये. राहता राहिली बाटली. थंडीत दारू ऊब देते हा भ्रम जुना आहे. दारूने कातडीकडे रक्त धावते म्हणून गरम वाटते, पण ऊब बाहेर निघून जाते. शिवाय तोल आणि अक्कल दोन्ही जातात, ते वेगळेच.

आइसलँडने मात्र हे सगळे मनावर घेतले. वेस्टमन बेटांवरच्याच एका कल्पक रहिवाशाने बटण ओढताच तराफा पाण्यात फेकणारी योजना तयार केली होती. ती नौकांवर बसवली जाऊ लागली. १९८५ साली खलाशांसाठी सुरक्षेची शाळा सुरू झाली. २००८ साली, तिथल्या नोंदींत प्रथमच, वर्षभरात एकही आइसलँडी खलाशी समुद्रावर दगावला नाही.

आपल्याकडे कोकण किनाऱ्यावर पौष-माघातही समुद्र कोमटच असतो. त्यामुळे आपल्या कोळ्यांच्या पिढीजात शहाणपणात वारा आहे, भरती-ओहोटी आहे, पण थंड पाण्याच्या या धक्क्याला जागा नाही. मात्र रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कितीतरी मुले व्यापारी जहाजांवर उत्तरेकडच्या समुद्रांत जातात. त्यांना जीवरक्षणाचे प्रशिक्षण सक्तीचे असते, हे घरच्यांच्या समाधानाचे. काश्मीरची गोष्ट निराळी. श्रीनगरजवळच्या आंचार सरोवरात भर थंडीत कोळी होडीच्या टोकाला घोंगडी आणि गवत पांघरून ओणवे पडून राहतात. त्या अंधारात पाण्यातला मासा दिसला की भाल्याने टिपतात. चिल्ले कलानच्या चाळीस दिवसांत, म्हणजे २१ डिसेंबरपासून, तिथे काठावरचे पाणी गोठते. ऐन उन्हाळ्यात कुलू-मनालीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनीही जपायला हवे. मे महिन्यातले ऊन कितीही चटकदार असले तरी बियासचे पाणी वितळलेल्या बर्फाचेच असते, आणि फोटोसाठी निसरड्या खडकावर उभे राहणाऱ्याला ते ठाऊक नसते.

बाहेर काढल्यानंतर

पाण्यात पडलेल्याला वाचवायला स्वतः उडी घेऊ नये. दोर, वल्हे, रिकामा बंद कॅन, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे सरकवावे. बराच वेळ पाण्यात राहिलेल्याला शक्यतो आडवेच बाहेर काढावे. एकदम उभे केल्यास रक्तदाब कोसळून तो मदत मिळाल्यावरच दगावू शकतो. त्याला चालवू नये, हातपाय चोळू नयेत, शेकोटीपुढे बसवू नये. आडोशाला नेऊन ओले कपडे काढावेत, कोरड्या घोंगड्यांत डोक्यासह गुंडाळावे आणि ऊब द्यायची ती छातीला, काखेत द्यावी. गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळूनच लावावी. पूर्ण शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तरच कोमट गोड चहा द्यावा. नाका-तोंडात पाणी गेले असेल तर 'आता बरे वाटतेय' म्हणाला तरी डॉक्टरांना दाखवावेच, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही उद्भवतो.

आणि तो निपचित पडला असेल, तर? गारठलेल्या माणसाची नाडी इतकी मंद असते, की ती बोटांना लागत नाही. १९९९ साली नॉर्वेत अ‍ॅना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर बर्फाखालच्या प्रवाहात अडकली. ऐंशी मिनिटांनी तिला बाहेर काढले तेव्हा हृदय थांबलेले होते आणि शरीराचे तापमान १३.७ अंशांवर उतरले होते. सोबत्यांनी छाती दाबणे आणि श्वास देणे सुरू केले, ते हेलिकॉप्टरमध्येही चालूच राहिले. ट्रॉम्सोच्या इस्पितळात तिचे रक्त शरीराबाहेर यंत्रातून फिरवून हळूहळू गरम करण्यात आले. बरे व्हायला तिला अनेक महिने लागले. पुढे त्याच इस्पितळात ती डॉक्टर म्हणून काम करू लागली. तेव्हा थंड पाण्यातून काढलेल्या माणसाचा श्वास आणि नाडी पूर्ण मिनिटभर तपासावी. श्वास नसेल तर छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे सुरू करावे आणि डॉक्टर येईपर्यंत थांबवू नये. तोवर दुसऱ्या कुणीतरी ११२ क्रमांक फिरवावा. समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा क्रमांक आहे १५५४.